बाटलीचा खुलासा

रनाळ्याच्या शीलाबाई एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या आणि त्यानंतर तिसऱ्या महिन्यात त्यांच्या घरी माशांची टाकी आली. मुलगी रुपा सुरतेहून बंगळुरूला बदलून चालली होती. सामान नेणाऱ्यांनी पाण्याची वस्तू घ्यायला नकार दिला, म्हणून तिनं टाकी गाडीत घालून आईकडे आणून ठेवली. दीड फूट लांबीची काच, वर दिवा, तळाला काळी बारीक रेती, रेतीत चार प्रकारची झाडं आणि झाडांमधून फिरणारे नऊ मासे. बोटाच्या पेरापेक्षा मोठा त्यात एकही नव्हता.

"माशांचं खाणं डबीत आहे," रुपा म्हणाली. "झाडांना काही लागत नाही."

यातलं पहिलं वाक्य बरोबर होतं.

महिन्याभरात झाडं पिवळी पडली. पानांना भोकं पडली आणि काचेवर शेवाळ धरलं. शीलाबाईंचे यजमान योगेंद्र कापूस आणि मिरची करत. शेतावरून आले की ते हात मागे बांधून टाकीसमोर उभे राहत.

"नत्र कमी पडी ऱ्हायनं," एका संध्याकाळी ते म्हणाले. "चिमूटभर युरिया टाकू का?"

"मासा मरतीन," शीलाबाई म्हणाल्या.

"मंग नको," असं म्हणून ते पाय धुवायला गेले.

शीलाबाईंनी शांतपणे विचार केला. घरात त्या अहिराणीत बोलत, पण विचार करायचा झाला की तो पुस्तकी मराठीतच होई. उजेड होता. पाणी होतं. माशांच्या विष्ठेतून नत्र मिळत होतं. राहिला कार्बन डायऑक्साइड. शेतातल्या झाडाला तो हवेतून हवा तेवढा मिळतो. टाकीतल्या झाडाला पाण्यात विरघळलेल्या थोडक्यावर भागवावं लागतं, आणि एवढ्याशा टाकीतला साठा दिवा लागल्यावर तासा-दोन तासांत संपतो. म्हणजे झाडं उजेडात उपाशी उभी होती.

त्यांना थोडं ओशाळल्यासारखं झालं. कारण हेच त्यांनी दर वर्षी फळ्यावर बाण काढून शिकवलं होतं. प्रयोगही करून दाखवला होता: चंचुपात्रात पाणवनस्पती, तिच्यावर पालथं नरसाळं, नरसाळ्यावर परीक्षानळी, आणि हे सगळं उन्हात. पुस्तकातल्या चित्रात वनस्पतीतून प्राणवायूचे बुडबुडे निघून नळीत जमा होत असत. शाळेत तास संपेपर्यंत एकही निघत नसे. "यायला पाहिजेत," एवढं सांगून शीलाबाई पुढच्या धड्याकडे वळत.

दुसऱ्या दिवशी त्या काळीपिवळी जीपनं नंदुरबारला गेल्या. स्टेशनच्या रस्त्यावर हबीबचं रंगीत माशांचं आणि पिंजऱ्यांचं दुकान होतं. हबीब त्यांचा जुना विद्यार्थी. आता चाळिशीला आला होता, दाढी पांढरी व्हायला लागली होती, तरी बाईंना बघून तो स्टुलावरून उठला.

"मॅडम, झाडं मरतायत का?"

"तुला कसं कळलं?"

"ज्यांचे मासे मरतात ते पिशवीत घालून आणतात. तुमच्या हातात पिशवी नाही."

शीलाबाईंनी त्याला सगळं सांगितलं. हबीबनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सिलिंडरचं यंत्र येतं मॅडम, पण दीड फुटाच्या टाकीला ते म्हणजे सायकलीला ट्रकचं इंजिन. तुम्ही साखरेची बाटली करा." मग त्यानं पुठ्ठ्यावर चित्र काढून दिलं. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्यायची. दोन वाट्या साखर, पाऊण बाटली कोमट पाणी, अर्धा चमचा यीस्ट, पाव करायला वापरतात ते. बुचाला भोक पाडून त्यात सलाइनची नळी घालायची आणि फट पक्की बुजवायची. नळी आधी एका छोट्या पाण्याच्या बाटलीतून न्यायची, म्हणजे फेस तिथंच अडकेल आणि बुडबुडे मोजता येतील. तिथून टाकीत, टोकाला हवेचा सच्छिद्र दगड, म्हणजे बुडबुडे बारीक होऊन विरघळतात.

"दोन सेकंदाला एक बुडबुडा, त्याहून जास्त नाही. सकाळी मासे वर येऊन तोंड उघडायला लागले तर समजा जास्त झालं."

"रात्री झाडंसुद्धा कार्बन डायऑक्साइड सोडतात," शीलाबाई म्हणाल्या.

"तुम्हीच शिकवलंय, मॅडम." हबीबनं पेन खिशाला लावलं. "तो नरसाळ्याचा प्रयोग पण केला होता. बुडबुडे काय आले नव्हते."

"यायला पाहिजे होते," शीलाबाई म्हणाल्या.

नळी कधीही बंद करायची नाही, हेही सांगावं असं हबीबच्या मनात आलं होतं. पण विज्ञानाच्या बाईंना ते काय सांगायचं, म्हणून तो गप्प बसला. हे त्यानं नंतर कबूल केलं.

जानेवारी महिना होता. थंडीत यीस्ट मंद चालतं, म्हणून शीलाबाईंनी बाटलीला स्वेटर घातला.

"मन्हा शे का तो?" स्वेटर आपला आहे का, असं योगेंद्रनी विचारलं.

"जुना शे."

"मन्हा शे का ते ईचारं मी."

"तुमनाच शे."

संध्याकाळी योगेंद्रनी बाटलीच्या गळ्याशी स्वेटरची गुंडी लावलेली शीलाबाईंनी पाहिली.

दुसऱ्या दिवशी बुडबुडे सुरू झाले. चौथ्या सकाळी नऊच्या नऊ मासे पाण्याच्या वर तोंड काढून उघडझाप करत होते. शीलाबाईंनी नळी बाहेर काढली, टाकीसोबत आलेल्या पंपानं हवा सोडली आणि अर्ध्या तासात मासे खाली गेले. रात्री वायू नको, हे उघड होतं. सलाइनच्या नळीला थेंब कमीजास्त करायचं चाक असतंच. शीलाबाईंनी ठरवलं की दिवा बंद केला की चाक बंद, सकाळी दिवा लावला की चाक सुरू. ही युक्ती त्यांना इतकी सोपी वाटली की हबीबनं ती का सुचवली नाही, याचं त्यांना नवल वाटलं. दोन दिवस ती चाललीही. सकाळी चाक उघडलं की जोरात सुस्कारा येई. बंद बाटलीतल्या वायूच्या दाबावर शीलाबाईंचा एक वेगळा धडा होता, तोसुद्धा एकतीस वर्षं शिकवलेला. पण तेव्हा तो आठवला नाही.

तिसरा दिवस शनिवार होता, आणि शनिवारी शीलाबाईंच्या घरी दारूबंदी समितीची बैठक होती.

समिती गल्लीतल्या अकरा बायांची होती. अध्यक्ष शीलाबाई, सचिव रंजनाबाई. अडीच वर्षांपूर्वी ह्या बायांनी नाल्याकाठच्या तीन भट्ट्या मडक्यांसकट फोडल्या होत्या. त्यात पुढे होत्या रंजनाबाई. त्यांचा नवरा दोधू त्या भट्ट्यांचं रोजचं गिऱ्हाईक होता. भट्ट्या गेल्यावर तो आजारी पडला, अकरा दिवस दवाखान्यात राहिला आणि परत आल्यावर त्यानं दारूला हात लावला नाही. रंजनाबाई बसस्टँडवर खमणाची गाडी लावत. बैठकीला त्या गाडी बंद ठेवून येत. भट्ट्या राहिल्या नव्हत्या, तरी बैठक दर महिन्याला होई.

त्या सकाळी खुर्च्या मांडायच्या, चहाचं बघायचं, या गडबडीत शीलाबाईंनी दिवा लावला आणि चाक उघडायचं राहून गेलं.

साडेअकराला रंजनाबाई उभ्या राहून मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचत होत्या. त्यांच्या मागच्या फळीवर टाकी होती आणि टाकीशेजारी स्वेटर घातलेली बाटली. "विषय क्रमांक दोन," असं त्या म्हणाल्या आणि मोठा फट्ट आवाज झाला. बुचातली नळी सुटून पंख्यापर्यंत गेली. तिच्यामागून फेस गेला. छताला लागला आणि खाली आला, रंजनाबाईंच्या डोक्यावर, खांद्यावर आणि इतिवृत्ताच्या वहीवर.

कोणी ओरडलं नाही. आधी वास आला.

दिवलीबाई सत्तरीच्या होत्या. समितीनं भट्ट्या शोधल्या त्या त्यांच्या नाकाच्या जोरावर. त्यांनी डोळे मिटून दोनदा वास घेतला.

"मोहफुलंसनं नई शे," त्या म्हणाल्या. "गूळनं बी नई. साखरनं शे. आठ दिननं."

"सात," शीलाबाई म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की हे सांगायची गरज नव्हती. "ते झाडांसाठी आहे."

दहा बायांनी टाकीतल्या पिवळ्या झाडांकडे पाहिलं. रंजनाबाईंनी पदरानं वही पुसली, मिटली आणि चप्पल घालून निघून गेल्या. त्यांच्यामागून बाकीच्या गेल्या. चहा तसाच राहिला. तो योगेंद्र आणि शीलाबाईंनी दुपारपर्यंत थोडा थोडा करून प्यायला.

सोमवारी दिवलीबाईंनी एक कागद आणून दिला. अक्षर रंजनाबाईंचं, सातवीपर्यंतचं, पण स्वच्छ.

"अध्यक्ष, दारूबंदी समिती, यांस. गेल्या शनिवारी आपल्या राहत्या घरी प्लास्टिकच्या बाटलीत आंबवलेला द्रव सर्व सदस्यांच्या समक्ष आढळला. नियम तीनप्रमाणे तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. सचिव."

नियम तीन असा होता, की समितीतल्या कोणाच्याही घरी दारू सापडल्यास तिला वेगळी वागणूक मिळणार नाही. तो शीलाबाईंनीच लिहिला होता.

त्या खुलासा लिहायला बसल्या. प्रथम साखर आणि यीस्टची अभिक्रिया लिहिली. डावीकडे साखर, मधे बाण, उजवीकडे कार्बन डायऑक्साइड. पण समीकरण तेवढ्यावर जुळेना. उजवीकडे आणखी एक पदार्थ येतो, अल्कोहोल. तो त्यांनी लिहिला आणि पेन खाली ठेवलं. वायूकडे बघण्याच्या नादात त्यांनी आठवडाभर समीकरणाच्या ह्या अर्ध्या भागाकडे पाहिलंच नव्हतं. बाटलीत जे उरत होतं ती दारूच होती.

"लिही दे ना, झाडंसनं खत शे," योगेंद्र म्हणाले.

"ते खत नाही," शीलाबाई म्हणाल्या. त्या पुस्तकी मराठीत बोलायला लागल्या की विषय संपला हे योगेंद्रना ठाऊक होतं.

संध्याकाळी त्या बसस्टँडवर गेल्या. रंजनाबाई खमण कापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"रंजना, मले बोलनं शे."

"खुलासा लेखी जोयजे," रंजनाबाई म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाईकाला चटणी वाढली.

शीलाबाई परतत होत्या तेव्हा दिवलीबाई आपल्या दारात बसल्या होत्या. त्यांनीच हाक मारली. म्हणाल्या, दोधू शनिवारपासून घरी आलेला नाही. पथारीवर झोपतो.

नंदुरबारच्या बाहेर मोकळ्या माळावर मिरची वाळत घालतात, त्याला पथारी म्हणतात. लांबून पाहिलं तर जमीन लाल दिसते. जवळ गेलं की आधी शिंक येते, मग खोकला, मग डोळ्यांतून पाणी. दोधू तिथं मिरची पालटायचं काम करायचा. मंगळवारी सकाळी शीलाबाई तिथं पोचल्या तेव्हा तो फावडं घेऊन उभा होता, तोंडावर गमछा. बाईंना पाहून त्यानं गमछा खाली ओढला.

"बाई, नाकले पदर लावा."

शीलाबाईंनी पदर लावला, तरी सात-आठ शिंका आल्या. दोधू थांबला.

"तू घर काबर जात नई?" त्यांनी विचारलं.

दोधूनं मिरचीचा एक पट्टा पालटला, मग बोलला. "शनवारे रंजना घर उनी. तिन्ही लुगडं धुयं, डोकं धुयं. पन वास ऱ्हाई गया. दोन वरीस नि चार महिना व्हई गयात, बाई. मले वाटे मी तो वास भुली गऊ. भुलनू नव्हतू." त्यानं फावड्यावर हात ठेवले. "मन्हा पाय आपोआप नाल्याकडे निंघनात. तठे आते काही नई, तुम्हीच फोडं. पन पायले ते माहीत नई. म्हनीसन मी आठे उनू. आठे खकाना शे. दुसरा कोनताच वास येत नई."

खकाना म्हणजे मिरचीचा उडणारा ठसका. तो त्याही वेळी उडत होता. शीलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यातलं किती खकान्याचं होतं, हे त्यांना सांगता आलं नसतं.

"माझी चूक झाली, दोधू," त्या म्हणाल्या. शाळेत हे वाक्य त्या मुलांकडून वदवून घेत. स्वतः म्हणायची सवय नव्हती.

"तुमनी नई. बाटलीनी." मग त्यानं विचारलं, "ती कोनले पाजतस तुम्ही? मासासले?"

"नई. झाडंसले फक्त तिन्हामाधली हवा देवानी."

"मंग दारूनं काय करतस?"

"दोन आठवड्यांनी ओतून द्यायची. नवी करायची."

दोधूनं फावडं पुन्हा उचललं.

"ओती देतस," तो म्हणाला. आणि पुढच्या पट्ट्याकडे वळला.

त्या दिवशी शीलाबाईंनी खुलासा लिहून संपवला. बुधवारी चार वाजता गल्लीत, सगळ्या सदस्यांपुढे, त्यांनी तो उभं राहून वाचला. "माझ्या घरी आढळलेला द्रव साखर आणि यीस्ट यांपासून तयार केला होता. त्यात दारू तयार होते. माझा हेतू दारूचा नव्हता, वायूचा होता. परंतु हेतूनं रासायनिक क्रिया बदलत नाही. सचिवांनी दिलेली नोटीस योग्य आहे. नियमाप्रमाणे द्रव आणि भांडं नष्ट करण्यात यावं."

उरलेली अर्धी बाटली मागच्या अंगणात उघडी ठेवली होती, ती आणली. गटारीत ओतली, वर दोन बादल्या पाणी टाकलं. मग भांडं फोडायचं होतं. आजवर समितीनं मडकी फोडली होती. दिवलीबाईंनी बाटलीवर दगड टाकला. बाटली चेपली आणि दगड घरंगळत गेला. दुसऱ्यांदा टाकला. बाटली उडून योगेंद्रच्या पायाशी आली. तिसऱ्या वेळी कोणी दगड उचलला नाही. योगेंद्र आत जाऊन विळा घेऊन आले, बाटलीचे दोन तुकडे केले आणि विळा पुसत आत गेले.

बाया पांगल्या. रंजनाबाई थांबल्या. त्या ओट्यावर टेकल्या, शीलाबाईही टेकल्या.

"मी पथारीवर गयी व्हती," शीलाबाई म्हणाल्या.

"त्यानी सांगं. काल खमण देवाले गयी व्हती मी. बाई, त्या दिन मन्हा डोकावर ते पडं ना, तव्हय मले राग उना नई. भेव वाटनं. तुमना घर हाऊ वास, ते मंग कोना घर नई?"

शीलाबाईंनी पायाशी पडलेला बाटलीचा तुकडा उचलून बाजूला ठेवला.

"आते झाडंसनं काय?" रंजनाबाईंनीच विचारलं.

"मरतीन."

"तुमले बुडबुडाच जोयजे व्हतात ना?"

"हो."

"मंग आंबाडत कसाले बठनात? खमणमा आम्ही निंबूना फूल नि सोडा टाकतस. पानी पडं का मिन्टमा फुगस. दारू नई, वास नई."

निंबूचं फूल म्हणजे ते आंबट पांढरे दाणे, शाळेच्या भाषेत सायट्रिक आम्ल. आम्ल आणि खायचा सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड निघतो. हा धडासुद्धा शीलाबाईंचाच होता आणि त्याचा प्रयोग शाळेत दर वर्षी हमखास यशस्वी होई. त्या रंजनाबाईंकडे पाहत राहिल्या.

"काय झायं?"

"काही नाही," शीलाबाई म्हणाल्या. "तू शनिवारी मोकळी आहेस का?"

शनिवारी रंजनाबाई दाण्यांची पुडी घेऊन आल्या. आधी त्या दारात उभ्या राहिल्या आणि वास घेतला. योगेंद्रनी छताला आणि भिंतीला चुना मारला होता, चुन्याचाच वास येत होता. मग त्या आत आल्या.

मांडणी त्या दोघींनी मिळून केली. खाली एका बाटलीत सोडा आणि थोडं पाणी. वर खिळ्याला रिकामी सलाइनची पिशवी उलटी टांगली, तिच्यात फुलाचं आंबट पाणी. पिशवीतून नळीनं थेंब थेंब आम्ल सोड्यावर पडणार, जेवढे थेंब तेवढाच वायू, आणि तो दुसऱ्या नळीनं टाकीत जाणार. थेंब थांबवले की वायू थांबणार. कशात दाब साठून राहण्याचं कारण नव्हतं. हे शीलाबाईंनी या वेळी दोनदा तपासलं.

पहिला प्रयत्न शीलाबाईंनी केला. चाक जास्त फिरलं, धार लागली आणि सोडा खदखदून फेस नळीपर्यंत चढला.

"व्हा बाजूले," रंजनाबाई म्हणाल्या. त्यांनी अंगठ्यानं चाक केसभर मागे घेतलं, थेंब पडू दिला, डोळे मिटून तीन श्वास मोजले, दुसरा थेंब पडला. "बस. इतलाच."

"कुठं शिकलीस?"

"दवाखानामा अकरा दिन दुसरं काही कामच नव्हतं मले," रंजनाबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून रोज सकाळी गाडी लावायच्या आधी रंजनाबाई येऊन थेंब लावून जात. दिवा जाण्याच्या तासभर आधी शीलाबाई चाक बंद करत आणि रात्री पंपाची हवा सोडत. मासे पाण्याच्या वर आले नाहीत. हबीबला फोनवर हे कळवलं तेव्हा त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं आणि पुठ्ठ्यावर लिहून घेतलं. पुढे तो नवख्या गिऱ्हाइकांना यालाच खमण सिस्टिम म्हणून सांगायला लागला.

आधी नवी पानं हिरवी आली. जुनी तशीच पिवळी राहिली, ती कापून टाकली. काचेवरचं शेवाळ एकदा पुसलं, ते परत आलं नाही. मग बाराव्या दिवशी, दुपारी दोनला, रंजनाबाई उरलेलं खमण द्यायला आल्या होत्या. त्यांनीच आधी पाहिलं.

"बाई, पानंसले काय लागं?"

पानांच्या कडेला बारीक चमकते मणी धरले होते. एक सुटला आणि वर गेला. मग त्याच जागेवरून दुसरा, मग ओळच लागली. दुसऱ्या झाडाच्या तुटक्या देठातूनही एक ओळ निघाली. नऊ मासे त्या ओळींमधून इकडून तिकडे जात होते.

शीलाबाई खुर्चीवर बसल्या.

"आले," त्या म्हणाल्या.

"कोन उनं?" रंजनाबाईंनी दाराकडे पाहिलं.

समितीच्या पुढच्या बैठकीत शीलाबाईंचा खुलासा मंजूर झाला आणि अध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिलं. दिवलीबाईंनी सूचना मांडली की पुढच्या वेळी बाटली फोडायची असेल तर विळा आधीच आणून ठेवावा. ती सर्वानुमते मान्य झाली.

दोधू घर सोडल्यापासून नवव्या दिवशी पथारीवरून घरी आला होता. रंजनाबाईंनी घर दोनदा सारवलं होतं आणि ते लुगडं देऊन टाकलं होतं. तो शीलाबाईंच्या घरी मात्र आला नाही. त्यांनीही बोलावलं नाही.

मार्चमध्ये टाकीतली झाडं इतकी वाढली की माशांना फिरायला जागा उरेना. शीलाबाईंनी ती छाटली. कापलेले तुकडे रेतीत रोवले की रुजतात. त्यांनी लोणच्याची एक काचेची बरणी स्वच्छ केली, तळाला रेती घातली, त्यात पाच काड्या रोवल्या आणि ती रंजनाबाईंच्या घरी नेली. मासे नव्हते, नळी नव्हती, नुसती झाडं. रंजनाबाईंनी ती खिडकीत ठेवली, जिथं सकाळचं ऊन येई.

दोधू खाटेवर बसून भाकरी खात होता. हात धुऊन तो खिडकीशी आला आणि वाकून पाहू लागला.

"हाई काय खास?" झाडांचं खाणं काय, असं त्यानं विचारलं.

"ऊन, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड."

"तो कोठेन येस?"

"बराचसा हवेतनं. आपण श्वास सोडतो ना, त्यातही असतो."

"मी सोडस त्यामा बी?"

"हो."

दोधूनं स्टूल ओढलं आणि बरणीच्या अगदी जवळ बसला. एवढ्यानं फारसा फरक पडत नाही, श्वासातला वायू बंद खोलीतसुद्धा लगेच पांगतो, असं शीलाबाईंनी त्याला सांगितलं. दोधूनं मान हलवली. तो बसून राहिला.